रिकाम्या बसमधले उभेराव

आमच्या कंपनीच्या बसमध्ये सीटा पन्नास, आणि शेवटच्या काळात बसणारे जेमतेम वीस. तरी एक माणूस रोज उभा. सकाळी मानेवाड्याहून हिंगण्याच्या एमआयडीसीपर्यंत आणि दुपारी शिफ्ट सुटली की तिथून परत. डाव्या हातानं वरचा दांडा धरलेला, उजव्या हातात चौघडी घातलेला पेपर आणि खांद्याला डब्याची पिशवी. त्यांची सीट माझ्या शेजारची होती. म्हणजे कित्येक वर्षं मी खिडकीशी, माझ्या बाजूला एक रिकामी जागा आणि त्या जागेच्या बाजूला तिचा मालक उभा, असा आमचा प्रवास चालायचा. ब्रेक लागला की त्यांचा डबा त्या रिकाम्या सीटच्या पाठीवर आपटायचा.

सगळे त्यांना उभेराव म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, ते तिथंच राहू द्या. ते स्टोअरचे प्रमुख होते आणि स्टोअरमधून एक स्क्रू घ्यायचा तरी माणसाला आधी दोन शिव्या घ्याव्या लागत. बदली ड्रायव्हर आला, किंवा शिकाऊ पोरं महिना-दोन महिने बसमध्ये आली, की ती विचारत, हे साहेब बसत का नाहीत? मग आम्ही तोंडाला येईल ते ठोकून देत असू. कोणी म्हणे मूळव्याध आहे, कोणी म्हणे नवस बोललाय. उभेराव ऐकत आणि पेपरचं पान उलटत. खरं कारण सांगायची आमची कोणाचीच इच्छा नव्हती, कारण ते कारण आम्हीच होतो.

कंपनी कुलर बनवते. नागपुरात याहून भरवशाचा धंदा नाही, ऊन काही बुडत नाही. आत पत्र्याच्या शेडखाली माणसं भाजतात आणि बाहेर लोकांसाठी गारवा जातो. मी तिथं डिस्पॅचला लागलो तेव्हा परमनंट माणसं जास्त होती आणि ठेकेदाराची कमी. पुढं उलट झालं. परमनंट माणूस रिटायर झाला की त्याचं काम ठेकेदाराच्या माणसाला मिळे. मशीन तेच, स्टूल तेच, पाना तोच. फक्त गणवेश निळ्याचा खाकी व्हायचा, कँटीनचं दार बंद व्हायचं आणि बस बंद व्हायची. त्याचं काम मिळे, त्याची सीट मिळत नसे.

या सीटांचं आमच्याकडे एक शास्त्रच होतं. प्रत्येकाची सीट ठरलेली. नोकरी जुनी झाली की माणूस खिडकीकडे सरकायचा. एखादा रजेवर असला तरी त्याच्या जागी कोणी बसत नसे. आणि माणूस रिटायर झाला तरी सीट त्याचीच. तिसऱ्या ओळीतली खिडकी उमरेडच्या एका फिटरची होती. तो पेन्शन खात गावी बसला होता, पण 'ती उमरेडवाल्याची' म्हणून ती जागा आम्ही जपली. कन्हानकडचा एक वेल्डर तर वारला. त्याची सीट आणखीच पवित्र झाली. खांडेनवमीला मशिनींची पूजा झाली की ड्रायव्हर बसची पूजा करी आणि प्रत्येक सीटवर झेंडूचं फूल ठेवी, वेल्डरच्याही. नवी भरती बंद झालेली, त्यामुळे त्या खिडक्यांना वारस नव्हते. अशी ती बस गेलेल्या माणसांच्या जागा घेऊन रोज पळायची आणि जिवंत माणसं खाली रस्त्यानं चालत जायची.

उभेरावांना एकच गोष्ट हवी होती. त्या रिकाम्या सीटांवर ठेक्याच्या माणसांना बसू द्यावं. पगार वाढवा, परमनंट करा, असलं ते काही म्हणत नव्हते. ते म्हणत, ते आपल्या बापाच्यानं होनार नाई. पण बस तर रिकामी चालली आहे, तीच वाट आहे, डिझेल तेवढंच लागतं. इतकी साधी गोष्ट होती की ती मागताना त्यांचा चेहरा संतापानं लाल व्हायचा.

स्वभावानं माणूस गोड होता असं सांगितलं तर ते खोटं होईल. ठेक्याची माणसं त्यांना ठेकेदारापेक्षा जास्त भ्यायची. कोणी हात जोडून समोर आलं की हे खेकसत, "हात काहून जोडतं बे? मी का देव हावो?" समोरचा आणखी घाबरून आणखी हात जोडी. एखाद्यानं कौतुकानं त्यांना संत म्हटलं की ते सांगत, "मी साधू नाई. माह्या घरी दोन कुलर हायेत अन् दोन्ही माह्याच खोलीत." हे खरं होतं. त्यांची बायको त्यावरून आयुष्यभर त्यांच्याशी भांडली.

एकदा त्यांनी हातमोज्यांत समता आणली. परमनंट माणसांना चामड्याचे मोजे, ठेक्याच्या माणसांना कापडी, असा नियम होता. पत्र्याला मात्र हा नियम माहीत नव्हता. उभेरावांनी दोन्ही ढीग एका खोक्यात ओतले आणि जाहीर केलं, जो पयले येईन त्याले जे पाह्यजे ते. ठेक्याच्या माणसांना सकाळी गेटवर झडतीसाठी रांग लावावी लागते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ती रांग सरकून शेडपर्यंत पोहोचेतो परमनंट मंडळींनी चामड्याचे सगळे उचलले, आणि घरी बागकामाला होतील म्हणून कापडीही. त्या आठवड्यात पॅकिंगच्या बायकांनी हाताला चिंध्या गुंडाळून काम केलं. नवे मोजे आले तेव्हा उभेरावांनी ते गुपचूप पुन्हा दोन ढिगांत ठेवले.

ते ज्यामुळे उभे राहू लागले ती बसमधली घटना याआधीची. मी तिथं हजर होतो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

नवतप्याचे, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या उन्हाचे दिवस होते. पहिली पाळी दुपारी तीनला सुटते आणि मे महिन्यातलं आमच्याकडचं तीनचं ऊन म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही. पॅकिंगमध्ये सुनंदाबाई नावाची एक बाई होती, ठेकेदाराकडची. कुलरच्या बाजूंना गवताच्या ताट्या बसवायचं तिचं काम. सकाळपासून तिला चक्कर येत होती. गेटपासून मेन रोड चांगला दूर, तिथं शेअर ऑटो मिळायचा. आमची बस मात्र जयताळ्याला तिच्या वस्तीसमोरूनच जायची. उभेरावांनी तिला दंडाला धरून बसमध्ये चढवलं आणि आपल्या सीटवर, माझ्या शेजारी बसवलं. ती सीटच्या अगदी काठावर टेकली. तिच्या अंगातून तापाची धग मला लागत होती.

बस सुटेना. युनियनचे सेक्रेटरी पहिल्या सीटवर बसत. ते उठून मागं आले आणि फार सभ्यपणे बोलले. आज एक चढली, उद्या सगळे चढतील. उद्या मॅनेजमेंट विचारेल, तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? मग आपलाही पगार त्यांच्याएवढा व्हायला किती वेळ लागतो? उभेराव म्हणाले, तिला ताप आहे. सेक्रेटरी म्हणाले, ताप मलाही दिसतो.

'तिला उतरवा' असं कोणीही म्हटलं नाही. आम्ही सुसंस्कृत माणसं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, एवढंच. बस उन्हात तापत राहिली आणि आम्ही सगळे आपापल्या खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. शेवटी तीच उठली.

"चुकलं बाप्पा माह्यं," ती म्हणाली आणि उतरली.

ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. आमच्यातल्या एकानं आपल्या खिशातला कांदा काढला आणि खिडकीतून तिला दिला. तिनं तो घेतला, कपाळाला लावला आणि पदराला बांधला. हे आठवलं की मला आजही आमची किळस येते. इंजिन सुरू झालं. पुढच्या वळणावर बसनं तिला मागं टाकलं. आमची धूळ तिच्या अंगावर गेली असणार.

उभेराव उभेच होते. ते त्या दिवशी बसले नाहीत आणि पुढं कधीच बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई कामावर हजर. ठेक्यात आजारपण नसतं. सेक्रेटरींनी हायसं वाटून तिची विचारपूसही केली. उभेराव मात्र दिवसभर धुमसत होते. दुपारी चहाला मला म्हणाले, "मेली असती तं चौकशी झाली असती, पेपरात आलं असतं. ते कामावर आली, म्हनून काईच झालं नाई." मी म्हटलं, असं अभद्र का बोलता? तर म्हणाले, अभद्र झालं तेव्हा तू खिडकीतून काय पाहत होतास?

काही महिन्यांनी मी त्यांना सरळ विचारलं, आता किती दिवस उभं राहायचं? त्यांनी पेपर खाली केला.

"ते सीट मी एका बाईले देल्ली. देल्लेली चीज आमच्या घरानं कधी परत घेतली नाई."

या घराण्याचा त्यांना भारी अभिमान. नागपूरच्या महाल भागात घराण्याचं जुनं बिऱ्हाड, भोसल्यांच्या काळापासूनचं. पूर्वज दरबारात लिखापढी करत आणि एका खापरपणज्याला म्हणे राजासमोर बसायचा मान होता. बाकीचे उभे, हा गालिच्यावर बसलेला. उभेराव ही गोष्ट फार रंगवून सांगत. राज्य गेलं, गालिचा गेला, पुढच्या पिढ्या कारकुनी करत राहिल्या, पण बसण्याचा मान घरातल्या बोलण्यात टिकून होता. त्यांच्या उभं राहण्यातही त्याचा एक ताठा होता. दांडा धरून उभे राहिले तरी ते खालच्या माणसासारखे दिसत नसत. उलट आम्ही बसलेलेच ओशाळे दिसायचो, आणि म्हणून आम्हाला त्यांचा राग यायचा.

माझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी त्यांना बोलावलं होतं. बायको नको म्हणत होती, हा माणूस काहीतरी करून ठेवेल म्हणून. तसंच झालं. आमच्या स्कीमच्या, म्हणजे बिल्डिंगच्या चौकीदाराची बायको सकाळपासून भांडी घासत होती. सगळ्यांचं आटोपल्यावर तिला ताट वाढून दिलं आणि ती खाली पार्किंगमध्ये जाऊन बसली. उभेरावांनी हे पाहिलं. आग्रहाची जिलबी ताटात असताना ते उठले, ताट घेऊन जिने उतरले आणि पार्किंगमध्ये तिच्यासमोर एक बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि जेवू लागले. वर पाहुण्यांत कुजबुज. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी धावत खाली गेलो.

उभेराव मजेत वरणभात कालवत होते आणि तिला विचारत होते, गाव कोणतं वं तुमचं, लेकरं किती. ती बाई मान खाली घालून बसली होती. तिनं ताटावर पदर ओढला होता. ते जेवून, हात धुऊन, पान खाऊन जाईपर्यंत तिनं घासाला हात लावला नाही. ते गेल्यावर पाठ फिरवून घाईघाईनं जेवली. भाताचा पार दगड झाला होता. मी हे उभेरावांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मग कंपनीत एक नवीन एचआर मॅनेजर आला. तरुण, बाहेरून आलेला, सगळ्यांना 'सर' म्हणून हाक मारणारा. त्याला उभेराव फार आवडले. बसमधल्या उभ्या माणसाची गोष्ट त्याला कोणीतरी सांगितली तर तो स्वतः स्टोअरमध्ये येऊन त्यांच्याशी तासभर बोलला. त्याच उन्हाळ्यात ठेक्यातला एक माणूस गेट ते मेन रोडच्या वाटेत कोसळला. दवाखान्यात नेलं, वाचला. पण आता प्रश्न विचारला जाईल अशी भीती वरच्या मंडळींना वाटली आणि मॅनेजरनं बैठक बोलावली. एका बाजूला सेक्रेटरी, एका बाजूला उभेराव, मध्ये मी, कारण बसचं वेळापत्रक डिस्पॅच पाहायचं. ठेक्याच्या माणसांपैकी कोणाला बोलावलं नव्हतं. त्यांच्याविषयीच बोलायचं होतं ना.

सेक्रेटरींनी आपलं तेच मांडलं, बस हा आमचा करारातला हक्क आहे. मॅनेजर फार शांतपणे ऐकत होता. उभेरावांनी बस मागितली, गोडीनं मागितली, रागानं मागितली. सेक्रेटरी ढिम्म. शेवटी उभेरावांचा तोल गेला. टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "बस राहीन तं सगळ्यायसाठी राहीन, नाईतं कोनासाठीच नाई."

मॅनेजरनं मान हलवली. म्हणाला, सर, हा फार न्याय्य विचार आहे.

पुढच्या पंधरवड्यात नोटीस लागली. सर्व कामगारांना समान वागणूक मिळावी या हेतूनं, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सूचनेचा आदर करून, कंपनीची बससेवा बंद करण्यात येत आहे. रिकाम्या बसचा खर्च कंपनीला कधीपासून डोळ्यांत खुपत होता आणि युनियनला हात कसा लावायचा ते कळत नव्हतं. आमच्या उभेरावांनी आयतं कोलीत दिलं. मला त्या मॅनेजरचा राग येत नाही, तो त्याच्या कामाचा पक्का होता. मला राग येतो तो या गोष्टीचा की माणसाच्या तोंडून निघालेल्या वाक्यातला नेमका जो भाग नको तोच भाग वर पोहोचतो आणि त्यावर सही होते.

कंपनीत उभेरावांचं तोंड पाहायला कोणी तयार नव्हतं. स्टोअरच्या दारावर खडूनं अर्वाच्य मजकूर लिहिला गेला. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी त्या काढल्या, मी स्कूटर घेतली. ज्यांना गाडी झेपत नव्हती ते शिव्या देत ऑटोनं जाऊ लागले. सेक्रेटरी मात्र शिवी द्यायला आले नाहीत. ते एका दुपारी स्टोअरमध्ये आले तेव्हा मी तिथंच होतो. खुर्ची ओढून बसले आणि आवाज न चढवता बोलले.

"भाऊ, माह्या बापानं सारी जिंदगी दुसऱ्याच्या गाडीमागं पायी चालून काढली. आमच्या घरात खिडकीपाशी बसनारा मी पयला. तुमच्या खापरपंजाले दरबारात बसाचा मान होता, तुमाले उठनं सोपं हाये. आमाले अजून बसून पोटभर नवतं झालं."

सेक्रेटरींनी खुर्ची होती तिथं परत ठेवली आणि गेले. उभेराव बराच वेळ बोल्टांच्या डब्यातले बोल्ट उगाचच या खणातून त्या खणात टाकत होते.

पण माणूस चिवट. त्यांना दुचाकी येत नव्हती, मुलं बाहेरगावी. त्यांनी ठरवलं, बस नाही तर नाही, आता ठेक्याच्या माणसांबरोबरच पायी जायचं. डोक्याला दुपट्टा बांधून, पिशवी खांद्याला लावून ते पॅकिंगच्या बायकांच्या घोळक्यातून चालू लागले. सुनंदाबाई त्यात होतीच. तिचे केस पांढरे झाले होते, काम तेच होतं, ठेकाही तोच होता. पहिले काही दिवस उभेराव खुशीत होते. मला म्हणाले, गड्या, आता कुठं बरोबर झालं, आता सगळे एकाच जमिनीवर.

तिथंच ते चुकले. शेअर ऑटोत उभं राहता येत नाही.

आमच्याकडचा ऑटोवाला माणसं कोंबून कोंबून भरतो, तरी जागा मोजक्याच. मेन रोडवर हे सगळे पोहोचले की ऑटोवाला आधी यांना पाहायचा. इस्त्रीचा शर्ट, पांढरे केस, गळ्यात परमनंटचा बिल्ला. "या साहेब, समोर बसा." उभेराव म्हणत, पयले ह्यायले बसव. बायका म्हणत, तुमी बसा साहेब, मंग आमी. ते बसल्याशिवाय त्या बसत नसत आणि त्या बसल्याशिवाय ते. मागून हॉर्न वाजत, ऑटोवाला वैतागून रिकामाच निघून जाई. पुढचा ऑटो येईपर्यंत सगळे उन्हात. मग नाइलाजानं ते चढत, पुढं ड्रायव्हरच्या शेजारी. आणि रोज एक बाई मागं राहायची. बस बंद झाल्यापासून तिथं गर्दी अशीही वाढली होती. आमचे गाडी नसलेले निळे शर्टवाले आधी पोहोचत, कारण त्यांची झडती नसते.

एका दुपारी मी स्कूटरनं जात होतो. थांब्यावर हा गुंता दिसला म्हणून थांबलो. सुनंदाबाई उभेरावांसमोर उभी होती. बाकीच्या बायका जरा लांब सरकल्या होत्या, म्हणजे बोलायचं काम त्यांनी हिच्यावर सोपवलं होतं. तिनं आपल्या डोक्याच्या दुपट्ट्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. बोलायचं तिच्या फार जिवावर आलं होतं.

"साहेब, राग नका मानू. तुमी आमच्यासंग येत नका जाऊ. तुमी आले का ऑटोवाला पयले तुमालेच बसवते, अन् आमच्यातली एक इथंच रायते. घरी गेल्यावर मंग तिले बोलनं खा लागते."

उभेराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या त्या लाल होणाऱ्या चेहऱ्यावर मला राग शोधूनही सापडला नाही. मग ते म्हणाले, "मंग मी मांगून येत जातो."

"हाव," ती म्हणाली. "आमी गेल्यावर या."

मी त्यांना म्हटलं, चला, माझ्या मागं बसा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्कूटर सुरू केली.

तेव्हापासून शिफ्ट सुटली की ते गेटच्या आतच थांबायचे. टाइम ऑफिसच्या भिंतीला पाठ लावून, पेपर उघडून. सगळ्या बायका दिसेनाशा झाल्या, मेन रोडवर त्यांना ऑटो मिळाला असेल असा अंदाज आला की मग एकटे चालायला लागायचे. कधी फार उशीर होई. गेटवरच्या गार्डनं तक्रार केली की हे साहेब ड्यूटी संपल्यावर उगाच रेंगाळतात. मॅनेजरनं त्यांना बोलावून, सर, घरी काही अडचण आहे का, असं आपुलकीनं विचारलं. आमच्यातले काही म्हणू लागले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. आमच्या कंपनीत एका माणसाला दुसऱ्याची एक सीट न खाता घरी जायचं असेल तर त्यानं भ्रमिष्टच दिसलं पाहिजे, असा तो हिशेब होता.

ते रिटायर झाले. शाल-नारळ झाला, मॅनेजर समतेवर बोलला. ठेक्याच्या माणसांना हॉलमध्ये यायची परवानगी नव्हती, त्या वेळी पॅकिंग चालू होतं. वर्षभरानं बातमी आली की ते वारले. मी ती सांगायला पॅकिंगमध्ये गेलो. सुनंदाबाई ताटीत गवत भरत होती. तिचे हात थांबले.

ती बस, तो ताप, खिडकीतून दिलेला कांदा, तिच्यासाठी हा माणूस किती वर्षं उभा राहिला, यातलं काही ती बोलेल असं मला वाटलं होतं. मी वाट पाहत उभा राहिलो.

"लय भले होते साहेब," ती म्हणाली. "आमी ऑटोत बसेपर्यंत गेटच्या बाहेर येतच नवते."